घसा, गोळी आणि दारू

घसा हा मराठी माणसाचा सार्वजनिक अवयव आहे. गुडघे ज्याचे त्याने सांभाळायचे असतात. हृदयाच्या भानगडीत डॉक्टरखेरीज सहसा कुणी पडत नाही. पोटाबद्दल चारचौघांत बोलायचे नसते. पण तुमचा घसा बसला आहे एवढे नुसते जिन्यात कळू द्या, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी इमारत वैद्य होते. एक जण हळद-दूध सांगतो, दुसरा मिठाच्या गुळण्या, तिसरा कंकोळ दाढेखाली धरायला लावतो, आणि चौथा 'तुम्ही बोलू नका, अजिबात बोलू नका' असे सांगत आपण अर्धा तास बोलतो.

आपल्या भाषेनेही या अवयवावर कामाचा फार बोजा टाकला आहे. अध्यक्ष भाषणाआधी घसा खाकरतात, तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्या घशाला कोरड पडते, काळजीने बापाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि सोसायटीचा मोकळा प्लॉट बघता बघता बिल्डरच्या घशात जातो. मोबदला म्हणाल तर काही नाही. गळा हा घशाचा श्रीमंत भाऊ. हार, दागिने, मिठ्या सगळे गळ्याला. खवखव तेवढी घशाला. बरे, घसा बसतो, पण तो उठला असे कुणी म्हणत नाही. तो सुटतो. का, ते वैयाकरणांना ठाऊक.

इतके सारे सोसणारा हा घसा 'लांबवता' येतो, आणि तो थाऊ-थाऊने लांबवून देणारे कारागीर या जगात आहेत, हे मात्र मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका गॅरेजमध्ये उभा असताना कळले. घसा अर्थात माणसाचा नव्हे. बंदुकीचा.

बंदुकीशी माझा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. काहीही नाही. लहानपणी दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल. त्यातही टिकली फुटली तर फुटली, नाहीतर दगडाने फोडायची. पुढे कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पालथे पडून पाच गोळ्या झाडल्या. शेजारच्या पोराच्या दोन गोळ्या माझ्या टार्गेटवर लागल्या, आणि पाच गोळ्यांत सात भोके पाडणारा नेमबाज म्हणून माझे नाव कंपनीत गाजले. त्यानंतर एकदम २०२४ साल. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक मिळवले, तेव्हा आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. पण रायफलीला घसा असतो, हे पेढा देताना कुणी सांगितले नाही.

अमेरिकेला आम्ही गेलो होतो ते लेकीच्या बाळंतपणासाठी. 'आम्ही' म्हणजे खरे तर आमची ही. बाळंतपणात पुरुष माणसाचा उपयोग डिंकाच्या लाडवातल्या डिंकाइतकाही नसतो. ही आणि लेक बाळात, जावईबापू कॉम्प्युटरात, आणि मी खिडकीत. गाव कोलंबसपासून मोटारीने तासाभरावर. रस्त्यावर माणूस म्हणून दिसायचा नाही. हरणे दिसायची. बँकेत छत्तीस वर्षे काउंटरपलीकडे माणसांची रांग पाहिलेल्या मला हरणांशी काय बोलावे ते सुचेना.

एके दिवशी दुपारी शेजारच्या गॅरेजमधून एक वास आला. लेथवर ओततात त्या तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा. आमचे थोरले मामा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत टर्नर होते. १८६९ साली इंग्रजांनी काढलेला तो कारखाना. मामा संध्याकाळी सायकलवरून घरी आले की शर्टाला हाच वास असायचा. मामी तो शर्ट नाक धरून भिजत टाकायची, आणि मला मात्र तो वास फार आवडायचा. आता त्या वासाच्या मागोमाग सात समुद्रांपलीकडे एखाद्या परक्याच्या दारात जाऊन उभे राहणे शहाणपणाचे नव्हते. पण खिडकीतून हरणे पाहणे त्याहून बरे होते असेही नाही.

गॅरेज म्हणजे नावाला गॅरेज. मोटार बिचारी बाहेर पावसात उभी, आणि आत लेथ ऐसपैस. भिंतीवर काचेच्या चौकटीत सरकारी परवाना. लोकांच्या बंदुका घेऊन दुरुस्त करणाऱ्याला तिथे तो काढावाच लागतो. लेथमागे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ. उंच, किंचित वाकलेले, ॲप्रनच्या खिशात तीन चष्मे. मी दारातूनच 'माय अंकल, लेथ' एवढे दोन शब्द बोललो. त्यांनी एक स्टूल पायाने पुढे सरकवले. झाली ओळख. तिकडे वयाने बापासारख्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात, पण माझी जीभ तशी वळेना. पुढे त्यांचा सगळा व्यवहार घशाशी आहे हे कळल्यावर मनातल्या मनात मी त्यांना 'बुवा' म्हणू लागलो. आपल्याकडे घशावर पोट असलेल्या माणसाला बुवाच म्हणतात.

बुवांनी मला पहिल्या दोन-तीन दिवसांत जे शिकवले ते असे. काडतूस म्हणजे एक पितळेची पुंगळी. तिच्या बुडाला टोपी, पोटात दारू, आणि तोंडात गोळी. हे काडतूस नळीच्या मागच्या बाजूला ज्या जागेत बसते ती त्याची खोली. खोली अगदी अंगाबरोबर बेतलेली असते. नळीच्या आतल्या बाजूला स्क्रूसारखे पीळदार आटे कोरलेले असतात. गोळी त्यांतून जाताना भोवऱ्यासारखी फिरू लागते, म्हणून सरळ जाते. आता, काडतुसाच्या खोलीतून निघालेली गोळी आट्यांत शिरण्याआधी मध्ये जो आटे नसलेला गुळगुळीत टापू लागतो, तो घसा. जुन्या वाड्यात दिंडी ओलांडल्यावर आणि चौकात पोचण्याआधी देवडी लागते ना, तशी ती जागा.

ही देवडी किती लांब असावी यावर घराणी आहेत, हे ऐकून मला फार बरे वाटले. जिथे घसा आहे तिथे घराणे असणारच. एक आखूड घशाचे घराणे. त्यांचे म्हणणे, गोळीने आट्यांत शिरायला धावायचे कशाला? ती आट्यांना टेकूनच बसलेली बरी, म्हणजे निघताना वाकडी व्हायची नाही. सामन्यांसाठी बनवलेल्या '२२' बोअरच्या रायफली या घराण्यातल्या. खटका बंद केला की गोळी आट्यांत किंचित रुततेच. दुसरे लांब घशाचे घराणे. त्याचे मोठे नाव म्हणजे रॉय वेदरबी. १९४५ साली या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात कारखाना काढला आणि आपल्या शिकारी रायफलींचा घसा मुद्दाम लांब ठेवला. गोळीला आधी मोकळी धाव मिळते, त्यामुळे पहिला दाब एकदम चढत नाही, आणि मग दारू जरा सढळ हाताने भरता येते. गोळी झपाट्याने जाते. दोन्ही घराण्यांतले लोक एकमेकांबद्दल जे बोलतात ते बुवांनी मला सांगितले. शब्द सोडले तर आपल्याकडच्या मैफलींच्या मध्यंतरात ऐकलेलेच होते.

हे ज्ञान मी रात्री जेवताना हिला दिले. म्हटले, "घसा लांबला ना, की गोळी पुढे सरकते आणि दारूला जागा होते."

हिने हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे पाहिले. "हे तुम्हांला शेजारच्या म्हाताऱ्यानं शिकवलं?"

"हो."

"उद्यापासून तिकडे जायचं नाही."

खुलासा करता करता वरण गार झाले. दोष माझा नाही. मराठीत बंदुकीतही दारू, बाटलीतही दारू. औषधाचीही गोळी, काडतुसाचीही गोळी. बंदुकीच्या पोटातले सगळे सामान आपल्याकडे कुठल्याही घरातल्या भांडणात सापडते, त्याला मी काय करणार?

असो. बुवा त्या वेळी एका कामापाशी अडलेले होते. टेबलावर मऊ कापडात गुंडाळलेली एक रायफल होती. ही त्यांनीच १९९० च्या सुमारास आपल्या एका जिवलग मित्रासाठी बनवलेली. दुकानातली रायफल ही तयार शर्टासारखी असते. तिथल्या बंदूक आणि काडतूस बनवणाऱ्यांची १९२६ साली स्थापन झालेली एक संस्था आहे. तिने मापे ठरवून दिलेली असतात, म्हणजे कुठल्याही कारखान्याचे काडतूस कुठल्याही रायफलीत बसावे. सगळ्यांना होतो, पण कुणालाच नीट होत नाही असा तो शर्ट. बुवांची रायफल म्हणजे शिंप्याने माप घेऊन शिवलेला. मित्राला जी गोळी आवडायची, तिच्याच अंगाने घसा कापलेला. काडतूस '३०८' नावाचे. १९५२ साली आलेले. नावातच माप आहे: गोळीचा व्यास इंचाचे ३०८ हजारांश. आणि गोळीचे वजन १६८ ग्रेन. ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. तेव्हा ही गोळी अकरा ग्रॅमला जराशी कमी.

मित्र दोन वर्षांपूर्वी गेले. रायफल त्यांच्या मुलीकडे आली. ही बाई शाळेत शिकवते, चाळिशीची असेल, आणि बापासारखीच लांब पल्ल्याची नेमबाजी करते. लांब म्हणजे हजार यार्ड, जवळजवळ एक किलोमीटर. ओहायोतच ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी म्हणून जागा आहे. १९०७ साली तिथे पहिल्यांदा राष्ट्रीय सामने भरले, आणि बाप लेकीला लहानपणी तिथे घेऊन जायचा. आता अडचण अशी की त्या जुन्या १६८ ग्रेनच्या गोळ्या हजार यार्डांपर्यंत पोचता पोचता दमतात. वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास उतरला की डगमगायला लागतात. निवृत्तीच्या शेवटच्या वर्षात कारकून डगमगतो तशा. तिला हव्या होत्या नव्या तऱ्हेच्या २०० ग्रेनच्या गोळ्या. लांब, निमुळत्या, वारा कमी खाणाऱ्या. नळीतला पीळ दहा इंचाला एक फेरा असा होता. तो या गोळ्यांना पुरेसा होता. पण घसा आखूड. आखूड घशात लांब गोळी घालायची तर तिला मागे, पुंगळीच्या पोटात दाबून बसवावे लागते. तिथे ती दारूची जागा खाते. नाही दाबली तर पुढे आट्यांत जाऊन रुतते, आणि दाब नको तितका चढतो. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. उपाय एकच: घसा लांबवणे. एकेक काडतूस हाताने भरायचे असल्यामुळे पेटीत मावण्याची वगैरे चिंता नव्हती.

किती लांबवायचा? ८५ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हा शब्द मला नवा नव्हता, मामांच्या तोंडी तो मिठासारखा असायचा. आपला सुतार ज्याला एक सूत म्हणतो ते १२५ थाऊचे. म्हणजे सगळे काम पाऊण सुताचेही नाही. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्या आपल्या समाजाला याची भीती कळायची नाही. पण या कामात कापलेले परत जोडता येत नाही. घसा आखूड राहिला तर पुन्हा लांबवता येतो. लांब झाला तर आखूड करायचे औषध नाही. मग नळीचे मागचे टोक कापून, पुन्हा आटे पाडून, खोली नव्याने कोरायची. नळी तेवढी तोकडी होते.

मी व्यवहारी माणूस. म्हटले, "नवी नळी का नाही बसवत? विकत मिळते ना?"

"मिळते," बुवा म्हणाले. "तिलाही मी तेच म्हणालो. ती म्हणाली, नवी नळी मिळेल, पण तिच्यातून बाबांनी एकही गोळी झाडलेली नसेल."

यावर बँकेत काही उत्तर शिकवलेले नव्हते.

खरी अडचण पुढेच होती. बुवांचे हात शाबूत होते. दगा दिला होता डोळ्यांनी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, पण तो निवळला नव्हता. दुसऱ्याची तारीख दोन महिन्यांनंतरची. आणि सामने त्याच्या आधी. वर्षभरात त्यांनी नवे काम घेतलेच नव्हते. हे एकच घेतले होते, कारण 'दुसऱ्या कुणाकडे दे' असे मित्राच्या मुलीला सांगता आले नव्हते. तीन चष्मे आलटून पालटून लावून ते मापाच्या रेघांकडे बघत आणि पुन्हा रायफल कापडात गुंडाळून ठेवत. हे मी चार दिवस पाहिले.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारले, "तू आयुष्यभर काय केलेस?"

"बँकेत होतो. छत्तीस वर्षे. लोकांनी लिहिलेले आकडे तपासायचो."

बुवांनी तिन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. "मग आकडे तू वाच," ते म्हणाले.

माझ्या घशाला कोरड पडली, हे वेगळे सांगायला नको.

आदल्या दिवशी खोलीचा आणि घशाचा साचा काढला. त्यासाठी एक मजेशीर मिश्रधातू असतो. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम. चहाच्या आधणापेक्षाही कमी उष्णतेवर, म्हणजे ७० ते ८८ अंशांतच तो वितळतो. तो नळीत ओतायचा, थिजला की अलगद बाहेर काढायचा, की आतल्या अंधाराची मूर्ती हातात येते. पण लगेच मोजायची नाही. हा धातू आधी आकसतो, मग साधारण तासाने बरोबर मूळ मापावर येतो, आणि पुढे दिवसेंदिवस थोडा थोडा फुगत जातो. पेन्शनर माणसाचा स्वभाव. बुवांनी घड्याळ लावून तासाने तो साचा माझ्या हातात दिला. मी मापे वाचली, त्यांनी लिहिली, मी लिहिलेली पुन्हा तपासली. सवय.

दुसरे म्हणजे एक नमुन्याचे काडतूस बनवले. टोपी नाही, दारू नाही, नुसती पुंगळी आणि पुढे ती २०० ग्रेनची गोळी. माझ्या पाहण्यातले ते एकमेव निर्व्यसनी काडतूस. गोळी शाईने काळी करून आत सारली की आट्यांचे ओरखडे तिच्यावर उठतात, आणि ती कुठे अडते ते समजते.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी सगळे उतरवून नुसती नळी व्हाइसमध्ये धरली होती. घसा लांबवायचा रीमर म्हणजे बोटाएवढ्या जाडीचाही नसतो. टोकाला एक गुळगुळीत पितळी कडे, ते नळीच्या भोकात अचूक बसून रीमरला वाट दाखवते, त्यामागे धारा. या धारा फक्त घशाला लागतात, काडतुसाच्या खोलीला स्पर्श करत नाहीत. मागे दांड्यावर एक थांबा, आणि थांब्यावर बारीक रेघा. एक रेघ म्हणजे एक थाऊ. थांबा नळीच्या तोंडाला टेकला की रीमर पुढे जात नाही. बुवांनी थांबा फिरवायचा, मी रेघा मोजायच्या, ठरल्या रेघेवर आला की थांबवायचे. मग बुवांनी रीमरला तेल पाजून तो आत घालायचा आणि हाताने फिरवायचा. तोही उजवीकडेच. उलटा एक फेरा दिला की धार गेली.

"तू 'स्टॉप' म्हण," बुवा म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी थांबा फिरवायला घेतला. अठरा, एकोणीस… आणि विसाव्या रेघेवर माझ्या तोंडून निघाले ते "बास!"

बुवा जागच्या जागी थांबले. अर्थ विचारला. मी सांगितला. "चांगला शब्द आहे," ते म्हणाले. "तोच ठेवू." इंग्रजीत 'स्टॉप' म्हणायला ओठ, जीभ, दात सगळ्यांना कामाला लागावे लागते. 'बास' म्हणायला नुसते तोंड उघडले की पुरते. पंगतीत वाढप्याला अडवून अडवून तो शब्द आपण घासून लखलखीत केलेला आहे.

वीस. रीमर बाहेर, कीस ब्रशने झाडायचा, नळी आतून पुसायची, पुन्हा तेल. चाळीस. पुन्हा तेच. साठ. बाहेर हरणे येऊन गेली. सत्तर. आता बुवा नमुन्याचे काडतूस दर वेळी आत घालून पाहू लागले. पंचाहत्तर. ऐंशी. प्रत्येक आकडा मी आधी मराठीत मनाशी म्हणायचो, मग इंग्रजीत मोठ्याने, मग पुन्हा रेघ पाहून मनाशी. छत्तीस वर्षांत कोट्यवधींचे आकडे माझ्या नजरेखालून गेले, पण ऐंशी या आकड्याची एवढी धास्ती कधी वाटली नव्हती. तिथे चूक सापडली तर लाल शाईने गोल काढायचा. इथे लाल शाई नव्हती.

थांबा पुन्हा फिरू लागला. एक्याऐंशी, ब्याऐंशी. बुवांचा हात थांबला.

मी तोंड उघडायच्या आत बुवाच म्हणाले, "बास."

माझ्यातला कारकून जागा झाला. "पंच्याऐंशी ठरले होते. तीन कमी आहेत."

बुवा हसले. रीमर आत घालून त्यांनी शेवटचे दोन थाऊ कापले, बाहेर काढला, पुसला, आणि मगच बोलले. म्हणाले, नळीत सगळ्यांत जास्त सोसतो तो घसा. दर गोळीमागे पेटलेल्या दारूची धग पहिल्यांदा त्याच्यावर येते. पोलाद हळूहळू झिजते, भाजते, आटे मागून खात जातात. म्हणजे घसा आपला आपण पुढे सरकत असतो. पुष्कळ नळ्या मरतात त्या घशाशीच. ती आज गोळी तीन थाऊ आत बसवील, आणि घसा वाढेल तसतशी बाहेर काढत जाईल. उरलेले तीन थाऊ आपण कशाला घ्यायचे? ते तिचे तिला वाढवू दे.

माणसाचा केस साधारण एवढाच जाड असतो, दोन ते चार थाऊ. केसाने गळा कापणारी माणसे मी बँकेत पुष्कळ पाहिली होती. केसाएवढा घसा न कापता सोडणारा माणूस पहिल्यांदा पाहत होतो.

मला आमच्या लहानपणचे शिंपी आठवले. शाळेचा शर्ट शिवताना आई त्यांना हमखास बजावायची, "आत माया ठेवा हं, पोरगं वाढतंय." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात. वर्ष-दोन वर्षांनी उसवून शर्ट मोठा करता यावा म्हणून. बुवांना मी हे सांगायचा प्रयत्न केला. शिवणीपर्यंत त्यांना कळले. पण त्या कापडाला आणि प्रेमाला आमच्याकडे एकच शब्द आहे, हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. नळीत एकदा डोळा लावून पाहिले त्यांनी, न दिसणाऱ्या डोळ्याने, आणि ती माझ्या हातात दिली. मीही पाहिले. पलीकडे उजेडाचा एक गोल, आणि त्याच्याभोवती फिरत गेलेले आटे. घशात अगदी शेवटी एक नवी चकाकती कड. मला ती सुंदर दिसली. कशाच्या तुलनेत, ते विचारू नका.

रविवारी ती बाई आली. बुवांनी नमुन्याचे काडतूस तिच्या हातात दिले, तिने आत घातले, खटका अलगद बंद केला. पुन्हा उघडला, गोळीवरचे बारीक ओरखडे पाहिले. मग दस्त्यावरून तळहात फिरवला. तिचा — घसा नव्हे — गळा दाटून आला होता. बुवांनी माझी ओळख 'हे आकडे वाचणारे' अशी करून दिली. माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी जे चांगले शब्द वापरले होते, त्यांत हे शब्द नव्हते. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, गोळ्या हजार यार्डांवर न डगमगता पोचतात म्हणून. फोन ठेवून बुवा मला एवढेच म्हणाले, "बास."

या प्रकरणाचा मराठी उत्तरार्धही सांगायला हवा. घसा कापला त्या रात्री, आनंदाच्या भरात, मी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी टाकल्या: 'आज घसा ८२ थाऊ लांबवला. तीन मुद्दाम ठेवले. काम उत्तम झाले.' आणि निवांत झोपलो. पुण्यात तेव्हा सकाळ होती. मी उठेपर्यंत गटावर शंभरावर निरोप. 'ऑपरेशन अचानक कसं ठरलं?' 'इन्शुरन्समध्ये बसलं का?' 'आमच्या व्याह्यांचाही लांबवायचा आहे, खर्च किती?' धाकट्या आत्येने मला न बोलण्याची शपथ घातली होती, आणि ती घालण्यासाठी पाच वेळा फोन केला होता. हिने सगळ्यांना एकच उत्तर धाडले: 'यांचा घसा ठीक आहे. डोकं तपासून घेतेय.'

पण बातमी सुटली ती सुटली. महिन्याने पुतण्या कंपनीच्या कामाला कोलंबसला आला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांच्या वतीने ज्येष्ठमधाच्या काड्यांचा एक भलामोठा पुडा घेऊनच आला. 'घशाला उत्तम' असे वर आत्येच्या अक्षरात लिहिलेले. एवढ्या ज्येष्ठमधाचे मी काय करणार? मी तो बुवांना नेऊन दिला. म्हटले, आमच्याकडे घशासाठी हेच वापरतात. बुवांनी एक काडी काढून हुंगली, दाताखाली धरली, समाधानाने मान डोलावली. मग उठून त्यांनी टेबलाचा एक खण उघडला. आत तेल लावून, कापडात निजवून ठेवलेले घशाचे सगळे रीमर ओळीने होते. त्यांच्या शेजारी थोडी जागा करून त्यांनी तो पुडा नीट आत ठेवला, आणि खण बंद केला.